पडद्यावरचं वजन

अंतराळात आवाज ऐकू येत नाही, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आवाज पोचायला हवा लागते, तिथं हवा नाही, विषय संपला. तरी पिक्चरमध्ये अंतराळयानं धडाधड फुटतात, थिएटरच्या खुर्च्या हादरतात आणि मागच्या रांगेतला एखादा हुशार 'असं होत नसतं' म्हणून शेजाऱ्याला सांगतोच. मला त्या आवाजाचा कधी राग आला नाही. अंतराळात व्हायोलिनचा ताफा तरी कुठं बसलेला असतो? तिकीट काढतानाच आपण काही खोटं मान्य केलेलं असतं. प्रकाशापेक्षा वेगानं पळणारी यानं, भूतकाळात जाणारी माणसं, वीज झेलणारे देव, सगळं चालतं. माझी तक्रार वेगळी आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून उभा केलेला नायक तिसाव्या मजल्यावरून उडी टाकतो, दोन पायांवर उतरतो आणि लगेच डायलॉग मारतो, तेव्हा त्याचं वजन कुठं गेलं असा प्रश्न मला पडतो. वजन गेलं की माझ्यापुरती भीतीही गेली, आणि भीती गेल्यावर उरलेला तासभर मी पॉपकॉर्न खात बसतो.

उडीचा हिशेब सांगलीकराला परका नाही. पावसाळ्यात कृष्णा चढली की आयर्विन पुलावर गर्दी होते. काही पाणी बघायला आलेले असतात, काही सूर मारायला. पोलीस हाकलतात, पोरं फिरून येतात. समजा, पाणी कठड्यापासून १० मीटर खाली आहे. पाण्याला टेकताना उडी मारणाऱ्याचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर असतो. पण पाणी त्याला एकदम थांबवत नाही. तो तीनेक मीटर आत जातो, तेवढ्या अंतरात वेग मुरतो. किती उंचीवरून पडलो, त्याला किती अंतरात थांबलो यानं भागायचं. येणारा आकडा म्हणजे थांबताना अंगावर स्वतःच्या वजनाच्या साधारण किती पट भार आला ते. इथं तो तीन-चार पट येतो आणि तयारीचा पोहणारा तो सहज सोसतो. तोच गडी पोटावर आपटला तर पहिला दणका काही सेंटिमीटरांत बसतो. उंची तीच, पाणीही तेच, फक्त थांबायचं अंतर आक्रसलं.

आता पिक्चरमधला नायक घ्या. तीस मजले म्हणजे १०० मीटर धरू. हवेचा अडथळा सोडला तर खाली पोचताना वेग ताशी १६० किलोमीटर. गुडघे वाकवून तो अर्ध्या मीटरात थांबतो. १०० भागिले अर्धा, म्हणजे वजनाच्या २०० पट. ७० किलोच्या माणसाच्या पायांवर १४ टन, उसाच्या भरल्या ट्रॉलीएवढा भार. त्यानं पोलादी चिलखत घातलंय, असं सांगून सुटका होत नाही. चिलखताला पोचा येणार नाही, कबूल. पण आतला माणूसही तेवढ्याच अंतरात थांबतो, आणि त्याच्या कवटीतला मेंदू त्याहून कमी जागेत.

उडणारा नायक पडणाऱ्या नायिकेला हातांवर झेलतो, तो प्रकार याहून फसवा. ती १०० मीटर पडून आली आणि त्यानं हात न हलवता झेललं, तर ते हात आणि खालची फरशी यांत तिच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. खरं वाचवायचं असेल तर त्यानं तिच्याच वेगानं खाली जात तिला धरावं आणि मग हळूहळू वेग उतरवत आणावा. कॉमिकवाल्यांनी एकदा हा हिशेब पाळला होता. १९७३ साली स्पायडरमॅनच्या एका अंकात पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला तो जाळ्यानं धरतो, ती जागेवर थांबते आणि त्या झटक्यानंच तिचा जीव जातो. वाचक हळहळले, पण पन्नास वर्षांनंतरही तो प्रसंग लोक विसरलेले नाहीत.

माझा भाचा या सगळ्यावर एकच म्हणतो, "मामा, गप बघा की! एवढा हिशेब कोण घालतंय थिएटरात?"

कोण घालतंय? तो स्वतः घालतोय. फक्त त्याला ते कळत नाही. १९९८ साली 'न्यूरोलॅब' नावाच्या मोहिमेत अंतराळवीरांनी एक चेंडू झेलायचा प्रयोग केला. वरून यंत्रानं चेंडू सोडायचा, खाली हातानं झेलायचा. पृथ्वीवर चेंडूचा वेग पडता पडता वाढतो. तिथं वजनरहित अवस्थेत तो सोडला त्याच वेगानं सरळ येतो. चेंडू समोर दिसत असूनही अंतराळवीरांचे स्नायू वेळेआधीच ताठ व्हायचे. डोळे सांगत होते 'सावकाश येतोय', पण मेंदू आयुष्यभराच्या सवयीनं वेग वाढेल हे धरूनच चालला होता. २००१ साली हे निष्कर्ष छापून आले. गुरुत्वाकर्षणाचा एक नमुना आपल्या मेंदूत घर करून बसलेला असतो, असा त्यांचा सूर होता. म्हणूनच भौतिकशास्त्राचं पुस्तक कधी न उघडलेल्या माणसालाही काँप्युटरवर बनवलेली उडी बघून 'काहीतरी गंडलंय' असं वाटतं. काय गंडलंय ते सांगता येत नाही, एवढंच.

अवाढव्य प्राणी आणि यंत्रमानव यांच्या बाबतीत हे गंडणं सगळ्यात जास्त दिसतं, आणि मला त्यातच जास्त रस आहे. १०० मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला साडेचार सेकंद लागतात. चार मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूला ०.९ सेकंद. उंची २५ पट, वेळ मात्र पाचपट, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. काँप्युटर येण्याआधी छोटी मॉडेल्स बांधून इमारती पाडणाऱ्या लोकांना हे नेमकं ठाऊक होतं. खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाचं मॉडेल असेल तर कॅमेरा नेहमीच्या पाचपट वेगानं फिरवायचा, सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रं टिपायची आणि दाखवताना २४नंच दाखवायची. मग पुठ्ठ्याची भिंत दगडी भिंतीसारखी सावकाश, भारदस्तपणे कोसळते. पाणी मात्र या युक्तीला पुरतं वश होत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण ठरवतो, आणि तो मॉडेलबरोबर लहान होत नाही. जुन्या पिक्चरमधलं समुद्री तुफान टाकीतलं आहे हे ओळखू येतं ते बोटीपुढं उडणाऱ्या, नारळाएवढ्या वाटणाऱ्या थेंबांमुळे.

चालण्यालाही हाच नियम. पाय म्हणजे कमरेला टांगलेला लंबक, आणि लंबक जितका लांब तितका त्याचा झोका सावकाश. आपण साधारण अर्ध्या सेकंदाला एक पाऊल टाकतो. ८० मीटर उंचीचा यंत्रमानव माणसाच्या ४७ पट उंच. त्याचं वर्गमूळ जवळजवळ सात. म्हणजे त्याचं एक पाऊल साडेतीन सेकंदांचं व्हायला हवं. २०१३च्या 'पॅसिफिक रिम'मध्ये यंत्रमानव असेच जड चालतात, हात उगारायलाही वेळ घेतात, अंगावरून पाणी ओघळत राहतं. कथा यथातथाच, पण मी खुर्चीच्या काठावर बसून पाहिला. २०१८च्या दुसऱ्या भागात तीच यंत्रं कुस्तीच्या आखाड्यातल्या पोरांसारखी चपळ झाली, आणि मला एकदम खेळण्यातली वाटायला लागली. चित्रणाचा दर्जा घसरला नव्हता, घड्याळ चुकलं होतं. भाच्याला दुसरा भाग जास्त आवडतो. त्यावर आमचं एकमत होणार नाही.

असा प्राणी उभा तरी राहील का, याचं उत्तर गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात देऊन ठेवलंय. उंची ४७ पट केली की हाडांच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २,२०० पट होतं आणि वजन लाखाच्या वर पट. प्रत्येक चौरस इंचावर ४७ पट ताण. हाडमांसाचा महाकाय माकड पहिल्याच पावलाला मोडून पडेल, आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरला तर त्याआधी रुतेल. पण हे खोटं मला चालतं. एकदा तो उभा राहिला असं मान्य केलं की मग त्यानं निदान जड तरी दिसावं, एवढंच मागणं.

स्फोटांचं प्रकरण निराळं आहे, कारण तिथं मला खोटंच आवडतं, आणि त्याला आमच्या गावाची जुनी परंपरा आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या दरबारात पहिलं मराठी नाटक केलं. त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस यायचा तो 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत, पेटत्या मशालीवर राळ उडवून. राळ म्हणजे झाडाचा सुकलेला चीक. तिचा खडा जळायला वेळ घेतो. तीच बारीक कुटून हवेत उडवली की भपकन ज्वाळ उठते. एक सेंटिमीटरच्या चौकोनी खड्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याची सेंटिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी पूड केली तर तोच पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर होतो. हवेतल्या ऑक्सिजनला एवढी जागा एकदम मिळाली की जळणं क्षणात उरकतं. साखर, पीठ, हळद, कुठलीही जळणारी बारीक पूड हवेत पसरली की हा धोका असतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात फेब्रुवारी २००८मध्ये एका साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचाच स्फोट झाला आणि १४ माणसं गेली.

हॉलिवूडचा नारिंगी आगीचा गोळा हा राळेचाच मोठा भाऊ. थोड्याशा स्फोटक दारूनं पेट्रोल हवेत उडवायचं आणि पेटवायचं. ज्वाळ मोठी, रंग झकास, पण ती सावकाश पसरते, आणि ठरलेल्या अंतरावर माणूस सुखरूप राहतो. खरा बाँब इतका देखणा नसतो. टीएनटी या स्फोटकात स्फोटाची लाट सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर धावते. एक लखलखाट, करडा धूर, धूळ आणि आवाजापेक्षा वेगानं सुटलेली दाबाची लाट, जी फुप्फुसं आणि कानाचे पडदे फाडते. स्फोटाकडे पाठ करून गॉगल लावून चालत येणारा नायक पेट्रोलपुढं चालून जाईल, बाँबपुढं नाही. तरी मला तो हवाच असतो. राक्षसाच्या प्रवेशाला राळ नको म्हणणारा प्रेक्षक सांगलीत तेव्हाही नसावा.

गोळी लागल्यावर माणूस काचा फोडून मागे उडतो, ते मात्र नको. पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७० मीटरनं आली आणि ७० किलोच्या माणसात रुतली, तर तो सेकंदाला चार सेंटिमीटर वेगानं मागे सरकेल. आणि गोळी माणसाला उडवण्याइतकी जोरदार असती, तर झाडणारासुद्धा तितकाच मागे उडाला असता. न्यूटनचा तिसरा नियम खलनायकाला एक आणि नायकाला दुसरा लागू होत नाही.

मग विज्ञान नीट सांभाळणारे मोठ्या बजेटचे पिक्चर आहेत की नाहीत? आहेत. २०१४च्या 'इंटरस्टेलर'मधल्या कृष्णविवरासाठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं समीकरणं लिहून दिली, आणि काही चित्रचौकटी तयार करायला काँप्युटरला शंभर-शंभर तास लागले. पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी थॉर्नना नोबेल मिळालं. त्याच लहरी टिपणारी वेधशाळा आता आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात उभी राहतेय. गंमत अशी, की कृष्णविवराभोवती फिरणारी तापलेल्या वायूची तबकडी एका बाजूला जास्त उजळ दिसायला हवी, कारण ती बाजू आपल्या दिशेनं धावत येत असते. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शकानं ते काढून टाकलं. २०१९ साली एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली, त्यात कडं एका बाजूला उजळच होतं. पण मला त्या पिक्चरमधली लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे डोंगराएवढी लाट. ती धावत येत नाही. क्षितिजावर नुसती उभी असल्यासारखी दिसते, आणि म्हणूनच पोटात गोळा येतो.

'द मार्शियन'ची सुरुवात सपशेल खोटी आहे. मंगळावर वादळ येतं, यान कलतं, अँटेना उडून नायकाच्या अंगात घुसते. मंगळाची हवा आपल्यापेक्षा साधारण साठपट विरळ आहे, आणि वाऱ्याचा जोर घनतेच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत चालतो. हिशेब घातला तर मंगळावरचं ताशी १६० किलोमीटरचं वादळ म्हणजे आपल्याकडचा ताशी वीस किलोमीटरचा वारा. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या वाऱ्यात पवनचक्क्या रमतगमत फिरतात आणि माणसं टोपी न धरता फोटो काढतात. मूळ कादंबरीकारानं हे जाणूनबुजून केल्याचं स्वतःच सांगितलंय; नायक मंगळावर एकटा राहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

मी ते निमित्त चालवून घेतलं, कारण त्यानंतर पिक्चर हिशेबाला चोख आहे. बटाट्यांना पाणी हवं म्हणून नायक हायड्राझिन हे इंधन घेतो, त्यातला हायड्रोजन वेगळा करून जाळतो, पाणी तयार होतं. एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही: आपल्या उच्छ्वासातूनही ऑक्सिजन बाहेर पडतो आणि तो खोलीत साठतोय. मग जो स्फोट होतो तो छोटा आहे, नारिंगी गोळा नाही, संगीत नाही. माणूस फेकला जातो, आपटतो आणि धुरकटलेला, कान बधिर झालेला उठून बसतो. दोन तासांत मला सगळ्यात खरा वाटलेला क्षण तो. भाचा त्या वेळी मोबाईल बघत होता. त्याचं म्हणणं, पिक्चर स्लो आहे.