खुझिर

खुझिर : रशियाच्या इर्कुट्स्क प्रांतातील, बैकल सरोवरामधल्या ओल्खोन बेटावरचे रशियन व बुर्यात (सायबेरियातील एक मंगोल वंशगट) वस्तीचे गाव. लोकसंख्या सुमारे १,३०० (२०१०). सुमारे ७० किमी. लांबीच्या या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ‘माले मोरे’ (छोटा समुद्र) या नावाच्या जलभागाकाठी ते वसले असून इर्कुट्स्क शहरापासून रस्त्याने साधारण ३०० किमी. अंतरावर आहे. पर्यटकांसाठीच्या लेखनात त्याचे वर्णन शामानांचे (आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या पुरोहितांचे) प्राचीन गाव असे सर्रास केले जाते. परंतु गाव म्हणून खुझिरचे वय शंभर वर्षांचेही नाही. प्राचीन आहे तो त्याच्या वेशीवरचा खडक. गाव वसले ते मासळीच्या कारखान्यामुळे.

बेटावर मनुष्यवस्ती मात्र फार जुनी आहे. सहाव्या ते अकराव्या शतकांदरम्यान येथे राहिलेल्या कुरिकान लोकांनी उभारलेल्या दगडी भिंतींचे अवशेष आजही आढळतात. त्यांच्यानंतर बुर्यात येथे स्थिरावले. गुरे, मेंढ्या व घोडे पाळणे आणि त्याला मासेमारी व सीलच्या शिकारीची जोड देणे ही त्यांची जीवनरीत होती, आणि चराईच्या सोयीने ते ‘उलुस’ म्हटल्या जाणाऱ्या लहान, विखुरलेल्या वस्त्यांत राहत. १६४३ मध्ये कुर्बात इवानोव याची कोसॅक (रशियाच्या झारची सेवा करणारे लढवय्ये) तुकडी लीना नदीच्या खोऱ्यातून बैकलकाठी उतरली आणि ओल्खोनवर पोहोचली. तथापि कोरड्या हवेच्या, वाळूच्या व गवताळ माळांच्या या बेटावर धान्याची शेती बेताचीच होत असल्याने रशियन शेतकरी येथे मोठ्या संख्येने आले नाहीत.

गावालगतच्या बुर्खान भूशिरावरील दुहेरी शिखराचा संगमरवरी खडक ‘शामान्का’ म्हणून ओळखला जातो. त्यातील आरपार गुहेत बेटाच्या अधिपती देवतेचा निवास असल्याची बुर्यातांची श्रद्धा आहे. पूर्वी स्त्रियांना या खडकाजवळ जाण्यास मनाई होती. बौद्ध धर्माचा प्रभाव वाढल्यावर गुहेत बौद्ध वेदीही होती. दोन्ही उपासना एकाच ठिकाणी नांदल्या. भूशिरावर रंगीत फिती बांधलेल्या तेरा ‘सेर्गे’ खांबांची रांग आहे. सेर्गे म्हणजे मुळात घरापुढचा घोडा बांधण्याचा खांब. येथे तो पूजेचा भाग झाला आहे.

सोव्हिएत राजवटीत १९३० च्या दशकात सामूहिकीकरणाने (जमीन व गुरे सामूहिक मालकीत घेण्याच्या धोरणाने) उलुस मोडत गेले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात माले मोरेच्या काठी मत्स्यप्रक्रिया कारखाना उभा राहिला. धक्का, खारवण्याची गोदामे, कामगारांची लाकडी घरे, शाळा व दुकान अशा क्रमाने खुझिर आकाराला आले. मुख्य भूमीवरून आलेले रशियन कामगार आणि आसपासच्या वस्त्यांतून आलेले बुर्यात येथे प्रथमच एका गल्लीतले शेजारी झाले, एकाच होडीवर काम करू लागले. या इतिहासाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. गावाच्या उत्तरेस पेश्चानाया येथे कैद्यांची श्रमछावणी होती आणि त्यांनाही मासळीच्या कामाला जुंपले जाई. ती वस्ती पुढे ओस पडली व तिची घरे वाळूने गिळली.

कारखान्याचा जीव ओमुल या माशात होता. अतिरिक्त मासेमारीमुळे ओमुलची संख्या इतकी घटली, की १९६९ मध्ये सरकारला काही वर्षांसाठी त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर कारखाना बंद पडला. ऑक्टोबर २०१७ पासून ओमुलच्या व्यापारी मासेमारीवर पुन्हा बंदी आली. अल्पसंख्य मूलनिवासी जमातींना तीत सवलत आहे. परंतु रशियन कायद्यानुसार ५० हजारांहून कमी संख्येचे समूहच त्या सूचीत बसतात आणि बुर्यात त्याहून कितीतरी अधिक आहेत. परिणामी ज्या मासळीसाठी गाव वसले ती विक्रीसाठी पकडण्याचा अधिकार गावातल्या रशियनांना नाही, तसा बुर्यातांनाही नाही.

गावाचे दैनंदिन जीवन सरोवरावर अवलंबून आहे. बेटावर पूल नाही. उन्हाळ्यात मुख्य भूमीवरील साख्युर्ता गावाहून फेरीबोट चालते, बर्फ पुरेसे जाड झाले की त्यावरूनच वाहनांचा रस्ता आखला जातो आणि मधल्या काळात हॉवरक्राफ्टवर भिस्त असते. समोरच्या सार्मा नदीच्या दरीतून सुटणारा त्याच नावाचा वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. ऑक्टोबर १९०१ मध्ये अशाच वादळात ओल्खोनच्या कड्यावर जहाज आदळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. वीज २००५ मध्ये पाण्याखालील तारेने पोहोचली. तोपर्यंत डिझेल जनित्रांवर, तेही मोजून, भागवावे लागे. रुंद वाळूचे रस्ते, ओंडक्यांची घरे, उंच फळ्यांची कुंपणे, अंगणात सरपणाच्या राशी, बटाट्याचे वाफे आणि वाफेचे स्नानघर (बान्या) हे रूप रशियन व बुर्यात घरांत सारखेच आहे. खाण्यातही सरमिसळ झाली आहे. मोदकासारख्या कळ्या पाडून तोंड उघडे ठेवलेला व वाफवलेला मांसाचा ‘बूझा’ रशियन घरांत शिजतो आणि धुरावलेला ओमुल बुर्यात घरांत असतो. फरक जाणवतो तो सणांत. बुर्यातांचे चांद्र नववर्ष ‘सगालगान’ व उन्हाळी सामूहिक पूजा ‘तायलगान’ त्यांच्या कुळांच्या परंपरेने होतात, तर रशियनांसाठी गावात ऑर्थोडॉक्स चर्च आहे. बुर्यात भाषा घरापुरती आक्रसली असून बाजाराची व शाळेची भाषा रशियन आहे.

१९८६ मध्ये प्रिबैकाल्स्की राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले व बेट त्यात आले. १९९६ मध्ये बैकल जागतिक वारसा ठरले आणि १९९९ मध्ये सरोवराच्या संरक्षणाचा खास कायदा झाला. सरोवरासाठी हे आवश्यकच होते, पण चराई, सरपण, घरबांधणी यांसाठी उद्यानाच्या सीमेआतल्या रहिवाशांना पावलोपावली परवानगीची गरज पडू लागली. दुसरीकडे, मासळीची जागा पर्यटनाने घेतली. बहुतेक कुटुंबे खोल्या भाड्याने देतात किंवा ‘उआझ’ या दणकट रशियन गाड्यांतून पर्यटकांना बेटाच्या उत्तर टोकाच्या खोबोय भूशिरापर्यंत नेतात. उन्हाळ्यात येणाऱ्या या गर्दीच्या मानाने सांडपाण्याची व कचऱ्याची सोय अपुरी आहे. वस्त्यांतून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे बैकलच्या उथळ किनाऱ्यांवर ‘स्पायरोगायरा’ शैवालाची वाढ होत असल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. सांडपाणी शुद्धीकरणाची सोय उभारायची तर तीही त्याच संरक्षक कायद्याच्या चौकटीत बसवावी लागते.