जुन्नरचा बिबट्या आणि 'मुलांना एकटे सोडू नका' हा फलक

'बिबट्याप्रवण क्षेत्र. लहान मुलांना एकटे सोडू नका.' पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत अशा सूचनांचे फलक आता कोणाला नवे नाहीत. हल्ल्यात मूल गेले की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक बाजू विचारते, फलक असूनही आईबापांचे लक्ष कुठे होते? दुसरी म्हणते, नुसता फलक लावून वनविभागाची जबाबदारी संपते का? हा वाद समजून घ्यायचा तर बिबट्या या शेतांत कसा आला, तिथून सुरुवात करावी लागते.

कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली आणि जिरायती रानात बारमाही पाणी खेळू लागले. बाजरीच्या जागी ऊस आला, मागोमाग साखर कारखाने आले. वर्षभर उभ्या असणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा आणि पाणी मिळाले, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या मिळाल्या. उसातच जन्मलेल्या पिढ्यांना जंगल ठाऊकच नाही. 'जंगलातला प्राणी गावात घुसला' असे आपण अजूनही म्हणतो, पण इथे ते खरे नाही.

२००१ पासून वनविभागाने पिंजरे लावून बिबटे पकडले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. लोकांची मागणीच तशी होती. परिणाम उलटा झाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरचे हल्ले या मोहिमेच्या काळात १७ वर गेले, तेही मुख्यतः बिबटे सोडले त्या भागांच्या आसपास. साधारण त्याच सुमारास, २००२ ते २००४ मध्ये, मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेलाही हल्ल्यांची लाट आली होती. पुढे २०११ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला नकार दिला आणि जनजागृतीवर भर दिला. मुलांना एकटे सोडू नका, अंधारात वाकून बसू नका, शौचाला उघड्यावर जाऊ नका, घराभोवती कचरा साठू देऊ नका, ही शिकवण तेव्हापासून रुळली.

शिकवण खरी आहे. बिबट्या आपल्यापेक्षा लहान दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो, म्हणून मूल आणि वाकलेला माणूस जास्त धोक्यात. मोठे माणूस हाताशी असले की धोका कमी होतो, पण संपत नाही. २०२२ च्या दिवाळीत मुंबईतल्या आरेमध्ये एक तान्ही मुलगी पहाटे घराजवळच बळी पडली.

आता ही शिकवण पाळायची कोणी, ते पाहा. ऊसतोडणीच्या हंगामात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, धरला जातो. दोघेही पहाटेपासून फडात, आणि मूल बांधावर नाहीतर कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत. ऊस तोडत जावा तसा बिबट्याचा आडोसा आकसतो, म्हणजे धोका वाढतो नेमका त्याच वेळी आईचे दोन्ही हात कामात असतात. मेंढपाळांची कुटुंबे मेंढ्यांच्या उघड्या वाड्यावर झोपतात. शेतीपंपाला वीज रात्रीची असेल तर बाप दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, उसात जातो, घरी मुलांपाशी एकटी बाई उरते. अशा घराला 'लक्ष ठेवा' सांगणे चूक नाही. पण ते कसे ठेवावे याचे उत्तर फलकावर नसते. म्हणूनच या भागात दिवसा थ्री-फेज विजेची मागणी बिबट्याच्या नावाने होते, आणि ती मला सर्वांत रास्त वाटते. दारात शौचालय, वाड्याला बंदिस्त जाळी, वस्तीवर दिवे आणि घर व ऊस यांत मोकळी पट्टी, या गोष्टी झाल्या तरच पालकांच्या लक्षाला काही अर्थ राहतो.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यांत दोन मुले होती. संतापलेल्या लोकांनी वनविभागाची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. पुढे एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. नंतर गावकरी खिळ्यांचे पट्टे गळ्यात घालून शेतात जाऊ लागले, आणि बिबट्यांच्या नसबंदीचा जुना प्रस्ताव सरकारने पुन्हा हाती घेतला.