लाखेवर पीयू टिकत नाही? दोष लाखेचा नाही, मेणाचा

"लाख मारलेल्या लाकडावर पीयू मारलंत तर पापुद्रे निघतील." पॉलिशच्या कामात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. (पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, लाकडावर कडक थर देणारं व्हार्निश.) ते अर्धंच खरं आहे. त्यापायी लोक जुन्या सागवानी कपाटांचं चांगलं लाखेचं पॉलिश खरवडून काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

साध्या चपड्यात, म्हणजे पॉलिशसाठी मिळणाऱ्या लाखेच्या पातळ पापड्यांत, साधारण ३ ते ५ टक्के नैसर्गिक मेण असतं. पीयूची पकड सुटते ती या मेणामुळे. मेण काढलेल्या लाखेवर पीयू, तेलाचं व्हार्निश, लॅकर सगळं नीट बसतं. उलट, सागवानासारख्या तेलकट लाकडावर तिचा पातळ हात अस्तर म्हणून उपयोगीच पडतो.

घरी करून बघा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवा आणि काचेची बरणी न हलवता काही दिवस ठेवा. तळाशी दुधाळ गाळ बसतो, तेच मेण. वरचं कोऱ्या चहासारखं स्वच्छ द्रावण अलगद ओतून घ्या. जुनं पॉलिश धड असेल, तर ते पुसून हलका पॉलिश पेपर मारा, या द्रावणाचा एक हात द्या आणि मगच पीयू.

स्टेनची, म्हणजे पॉलिशआधी लाकडाला द्यायच्या रंगाची, गोष्ट मात्र वेगळी. तेलाचा स्टेन पूर्ण वाळला की वर लाख खुशाल चालते. स्पिरिटच्या स्टेनवर जपून, कारण लाखही स्पिरिटमध्येच विरघळलेली असते. तोच ब्रश दोनदा फिरला की रंग उचलला जातो आणि पट्टे दिसतात. तिथे पहिला हात फवाऱ्यानेच द्या.