ऑपरेशनआधी फुप्फुसांची चौकशी: जळत्या काडीपासून सात मुद्द्यांपर्यंत

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ वॉर्डात येतात, पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात आणि विचारतात, "गेल्या महिन्याभरात सर्दी-खोकला, ताप आला होता का?" पित्ताशय काढायचं असताना खोकल्याची चौकशी कशाला, असं घरच्यांना वाटतं. या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी आहे.

ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला की पूर्वी दोष भुलीसाठी हुंगवल्या जाणाऱ्या ईथरच्या वाफेला दिला जाई. लंडनचे डॉक्टर विल्यम पाश्चर (लुई पाश्चर वेगळे) यांनी १९१० मध्ये वेगळं कारण मांडलं: पोटाच्या ऑपरेशननंतर श्वास आत ओढण्याची ताकदच कमी पडते आणि फुप्फुसाचा भाग मिटून जातो. पुढे १९२७ मध्ये चर्चिल आणि मॅकनील यांनी व १९३३ मध्ये बीचर यांनी ही घट प्रत्यक्ष मोजली. पोटाच्या वरच्या भागात छेद घेतला की एका दमात आत-बाहेर होणारी हवा निम्म्याच्या आसपास येते. बरगड्यांखाली टाके असताना खोकून बघितलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. माणूस वरवर श्वास घेतो, कफ आतच साचतो. मला वाटतं, या विषयातला सर्वांत मोठा शोध हाच. धोका फुप्फुसात असतो, तितकाच छेद कुठे घेतला यातही असतो.

पण मग धोका आधी कसा ओळखायचा? श्वास मोजायचं यंत्र होतं. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यात पालथ्या ठेवलेल्या भांड्याच्या स्पायरोमीटरने दोन हजारांहून अधिक लोकांची मोजणी प्रसिद्ध केली होती. तरी ते यंत्र प्रत्येक खाटेशी नेता येत नव्हतं. म्हणून १९५९ मध्ये स्नायडर आणि सहकाऱ्यांनी काडेपेटीची चाचणी सुचवली. जळती काडी तोंडापासून सहा इंचांवर धरायची आणि तोंड उघडंच ठेवून विझवायची, ओठांचा चंबू करायचा नाही. ज्याला जमत नाही, त्याची फुप्फुसं नीट तपासायची.

सिगारेटवर बोट ठेवलं मॉर्टन यांनी, १९४४ मध्ये. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना पोटाच्या ऑपरेशननंतर छातीचा त्रास सुमारे सहापट जास्त होतो, असं त्यांना आढळलं.

नंतरची काही दशकं स्पायरोमेट्रीवर फार भिस्त राहिली. २००६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती सरसकट करू नये, असं सांगितलं. खुद्द फुप्फुसाचाच भाग काढायचा असेल, तर मात्र ती अजूनही लागतेच. २०१० मध्ये स्पेनमधल्या कॅटलोनियातून 'अरिस्कॅट' गुणांक आला: ऑपरेशननंतर फुप्फुसांना त्रास होण्याचा धोका गुणांत मोजायचा, गुण जितके जास्त तितका धोका जास्त. ५९ रुग्णालयांतल्या २,४६४ पेशंटांच्या नोंदींतून सात मुद्दे उरले: वय, ऑक्सिजन, महिन्याभरातला श्वसनाचा संसर्ग, १० किंवा कमी हिमोग्लोबिन, छेदाची जागा, दोन तासांहून लांबणारं ऑपरेशन आणि तातडी. यात महिन्याभरातल्या संसर्गाला १७ गुण, तर ५१ ते ८० वयाला फक्त ३! म्हणून "थोडाफार खोकला होता, विशेष काही नाही" हे उत्तर घाईत देऊ नये. तारखेसकट सांगावं. ऑपरेशन तातडीचं नसेल, तर ते पुढे ढकलणं पेशंटच्या भल्याचंच असू शकतं.

या सातांत धूम्रपान नाही. याचा अर्थ त्याने नुकसान होत नाही, असा मुळीच नाही. ते इतर आकड्यांतून डोकावतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारायची राहते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीविषयी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायम दम लागणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराविषयी लिहिलं. त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. आजींना "बिडी-सिगारेट?" विचारलं की त्या "छे, छे!" म्हणतात आणि कागदावर 'नाही' पडतं. "चूल किती वर्षं फुंकलीत?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "लग्न झाल्यापासून."