कोठारातलं धान्य श्वास घेतं

१ ऑगस्ट २०२२ रोजी ‘राझोनी’ हे जहाज २६ हजार टन मका घेऊन युक्रेनच्या ओडेसा बंदरातून निघालं. रशियाने फेब्रुवारीत हल्ला केल्यावर, संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने झालेल्या करारानुसार सुटलेलं हे पहिलंच जहाज. मका लेबनॉनला जायचा होता. तिथल्या खरेदीदाराने तो नाकारला. कारण दिलं, पाच महिन्यांचा उशीर.

निर्यात अडली तरी धान्य कुठे पळून जातं, आज ना उद्या विकलं जाईलच, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं, कारण मक्याचा किंवा गव्हाचा दाणा जिवंत असतो.

कापणीनंतरही तो मंद श्वसन करत राहतो. पिष्टापासून झालेलं ग्लुकोज ऑक्सिजनच्या साहाय्याने जळतं. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. शाळेतलं समीकरण मांडून बघा: १८० ग्रॅम ग्लुकोजमागे १०८ ग्रॅम पाणी! दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या आत असेल तर हे अगदी संथ चालतं. त्यापुढे गेला की श्वसन वाढतं, त्यातून आणखी पाणी, आणखी उष्णता आणि म्हणून आणखी श्वसन. दाण्यांमधल्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरू लागते, आणि तिचं श्वसन दाण्यापेक्षा कितीतरी जोरात चालतं. धान्याची रास उष्णतेची मंदवाहक असल्याने ऊब आतच कोंडते. बाहेर थंडी पडली की मधली गरम हवा वर चढते, वरच्या गार थरात तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिथले दाणे ओले होऊन एकमेकांना चिकटतात. कोरडा माल भरलेल्या कोठारातही हे घडतं. म्हणून पंख्यांनी हवा खेळवावी लागते, आणि त्याला वीज लागते.

आता २०२२मधल्या युक्रेनकडे बघा. बंदरं बंद, सुमारे २ कोटी टन धान्य अडकलेलं, वर नवा हंगाम तोंडावर. रेल्वेने पाठवावं तर तिथले रूळ १५२० मिलिमीटरचे आणि युरोपातले बहुतेक १४३५चे, त्यामुळे सीमेवर माल उतरवून पुन्हा भरायचा. शेवटी अनेकांनी शेतातच प्लास्टिकच्या लांबलचक बंद पिशव्यांत धान्य भरलं. आत दाणे आणि कीटक मिळून ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीटक मरतात. आपल्याकडची जमिनीखालची धान्याची पेवं याच तत्त्वावर चालत. पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरतो तो याच वायूमुळे. त्यात भुताखेताचा काही संबंध नाही.

जगात पिकणाऱ्या गव्हापैकी जेमतेम चौथा हिस्सा सीमा ओलांडतो आणि त्यातला ३० टक्क्यांच्या आसपास रशिया आणि युक्रेन या दोन देशांचा होता. म्हणून मार्च २०२२मध्ये जागतिक अन्नदर निर्देशांकाने तोवरचा उच्चांक गाठला. ‘आता भारतच जगाला गहू पुरवणार’ असा गाजावाजा आपल्याकडे झाला; पण मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेतला गहू भाजला आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली. पिकाचा अंदाज घोषणेवरून बांधता येत नाही.

मक्याचं दुखणं वेगळं. तो ओला काढतात आणि यंत्राने वाळवतात. त्या शरद ऋतूत युक्रेनमधल्या वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडत होती, इंधन महागलं होतं. वाळवणं परवडेना, तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी कणसं शेतात उभ्या ताटांवरच ठेवली. हिवाळाभर मका बर्फात उभा राहिला, आणि तो निघेपर्यंत त्या जमिनीत पुढची पेरणी करता येत नव्हती.