मूर्तीच्या हातात मक्याचं कणीस? नाही हो

पाऊस सुरू झाला की गंगापूर धरणाच्या रस्त्याला भाजलेल्या कणसांच्या गाड्या लागतात आणि आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच फोटो फिरायला लागतो, कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या, होयसळ राजांच्या काळातल्या मंदिरातली मूर्ती, हातात मक्याचं कणीस, खाली लिहिलेलं की मका तर मूळचा अमेरिकेतला, म्हणजे बघा आपले लोक कोलंबसाच्या आधीच अमेरिकेला जाऊन आले.

मंदिर १३व्या शतकातलं आहे, ते खरंच. कणसाचा दावाही नवा नाही, १९८९ मध्ये कार्ल जोहानसेन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने तो मांडला होता. पण मक्याच्याच अभ्यासकांनी तो खोडून काढला, त्यांच्या मते ते मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ आहे, मुक्ताफळ. होयसळांच्या मूर्ती बघितल्यात ना, दागिन्यांपासून मुकुटापर्यंत सगळं मण्यामण्यांचं!

आणि मका लपून राहणारं पीक नाही. मेक्सिकोत सुमारे ९००० वर्षांपूर्वी माणसाने रानगवतापासून तो घडवला, दाणे सोलून पेरल्याशिवाय तो टिकत नाही, म्हणजे इथे असता तर शेतात, चुलीत जळके दाणे सापडलेच असते. इनामगावच्या उत्खननात ३००० वर्षांपूर्वीचे जवाचे दाणे मिळाले, कोलंबसाआधीचा मक्याचा खात्रीचा दाणा मात्र भारतात कुठंच नाही.

समुद्रापलीकडचा संपर्क झालाच नाही असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेतलं रताळं कोलंबसाआधीच पॉलिनेशियात, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पोचलं होतं, कारण तिथल्या कुक बेटांवर जुनी जळकी रताळी प्रत्यक्ष मिळालीत. असा पुरावा लागतो, नुसता फोटो नाही.