लॅपटॉपचा आवाज गेला? स्पीकर बदलण्याआधी हे करून पाहा
(लिनक्स वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

सेलू, जिंतूर, गंगाखेडहून एसटीनं परभणीला लॅपटॉप आणण्याआधी एवढं वाचा. आवाज बंद म्हणजे स्पीकर गेला, असं दर वेळी नसतं.

सेटिंग्जमध्ये साउंड उघडून आउटपुटला काय निवडलंय ते बघा. टीव्ही किंवा प्रोजेक्टर लावला होता का? मग तिथं एचडीएमआय राहिलेलं असू शकतं. स्पीकर्स निवडा.

जॅक (हेडफोनची पिन घालायचं भोक) रिकामा असून आउटपुटला हेडफोन्स दाखवतंय? जॅकच्या आत एक बारीक पत्ती असते. पिन आत गेली की ती सरकते आणि स्पीकर बंद होतात. धूळ बसली की पत्ती सरकलेलीच राहते, आणि धुळीला आपल्याकडं काय तोटा! लॅपटॉप बंद करून हेडफोनची पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. टाचणी, काडी अजिबात घालू नका. पत्ती वाकली की जॅकच बदलावा लागतो.

तरी आवाज नाही, तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) अल्सामिक्सर टाइप करून एंटर दाबा (इंग्रजी लहान अक्षरं, सलग). एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा. मास्टर किंवा स्पीकरच्या पट्टीखाली एमएम दिसलं तर ती म्यूट आहे. बाणानं त्या पट्टीवर जाऊन एम दाबा, दोन शून्यं दिसली पाहिजेत. जॅकची पत्ती खराब असेल तर इथंच ऑटो-म्यूट मोड डिसेबल्ड करून तात्पुरतं काम भागतं. मात्र मग हेडफोन लावला तरी स्पीकर वाजत राहतील.

आउटपुटला 'डमी आउटपुट' दिसत असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही, कारण लिनक्सला साउंड कार्डच सापडलेलं नाही. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये अशा वेळी आधी एसओएफ फर्मवेअर (साउंड ओपन फर्मवेअर, आवाजाच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर) तपासा. डेबियनमध्ये फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरात अल्सा-एसओएफ-फर्मवेअर या नावाचं पॅकेज टाका आणि मशीन रीस्टार्ट करा.

आवाज येतो पण फाटतो? व्हॉल्यूम १०० टक्क्यांच्या वर नेलाय का पाहा. तिथं सिग्नलच कापला जातो आणि छोट्या स्पीकरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तापून, पडदा ताणून स्पीकर खराब होऊ शकतो. ४० टक्क्यांवरही खरखर असेल किंवा एकाच बाजूनं आवाज येत असेल, तर लॅपटॉप आणा. आम्ही स्पीकरची वायर सोडवून मल्टीमीटर लावतो: ४ किंवा ८ ओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल शाबूत, काहीच आलं नाही तर तुटलेली.

येताना चार्जर आणा आणि कोणतं लिनक्स, कोणती आवृत्ती ते कागदावर लिहून आणा.